तारेवरून आलेला एक्केचाळीस

राम राम! दिसत नसलो तरी मीच बोलतोय. मी संगणकाचा एक प्रोग्राम, पण एका जागी बसणाऱ्यांतला नव्हे. १९९२ साली परभणीच्या एका बियाणे कंपनीत तिथल्या संगणकवाल्या बन्सीधरनं मला लिहिलं. मनकर्णाबाई तिथं बियाणं तपासायच्या. त्या एसटीनं बोरीच्या गोदामाला निघाल्या, की मी त्यांच्या नोंदी पोटात घालून फोनच्या तारेवरून पुढं पळायचो. त्या धुळीनं माखून उतरेपर्यंत बोरीच्या पडद्यावर त्यांचं काम हजर!

बोरीत मात्र माझं कौतुक कुणाला नव्हतं. गोदाम सांभाळणारे भुजंगराव फाटकावर हमालांची झडती घेत. मला पाहूनही त्यांचे हात शिवशिवत.

"येताना दिसतंय बाई, पर जाताना काय नेतंय?"

खोटं कशाला सांगू, मीही त्यांच्या मशीनवर उतरताना आधी कोपरे न्याहाळून घेई.

ज्वारीची पेरणी आठवड्यावर आलेली. एका लॉटच्या, म्हणजे एकाच खेपेच्या, पोत्यांवर लेबल होतं : शंभरात एक्क्याऐंशी दाणे उगवतात. माझ्या पोटातली नोंद म्हणत होती, एक्केचाळीस.

भुजंगराव हसले. "तारंत लय खरखर हाय. तुमच्या ह्या फिरस्त्यानं वाटंत आकडा सांडला."

"अन् तुमी लेबल लावताना मोजलं व्हतं का, भुजंगभाऊ?"

बाईंनी विचारलं खरं. पण तपासणीच्या दिवशी त्यांनी एकूण वीस लॉट तपासले होते, आणि आकडे माझ्याखेरीज कुठंच उतरवले नव्हते. एक्केचाळीसच होते, असं छातीवर हात ठेवून त्यांनाही सांगता येईना. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ती नजर मला झोंबली. खरखर मीही ऐकली होती. माझ्याच पोटात काही हललं असेल तर?

बाईंनी पोती अडवली. त्यांतलेच शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले, गोदामातच ठेवले आणि निघाल्या. सातव्या दिवशी परत येऊन म्हणाल्या, "मोजा तुमीच."

भुजंगरावांनी एकेक कोंब मोजला. एक्केचाळीसवर बोट थांबलं.

"आपल्याला बी पिकवून देणाऱ्या कासाबाईच्या रानातलं हाय हे," ते पुटपुटले, "दरसाल ऐंशीच्या वर उगवतंय, म्हणून तसंच लिवलं."

"रान तेच, पर यंदा काढणीच्या पावसात कणसं भिजली व्हती ना?"

भुजंगरावांनी सगळी लेबलं फाडली. बाई गेल्यावर, मी त्यांची चूक परभणीला नेईन या धास्तीनं, त्यांनी फोनची तारही उपसली. तेव्हापासून मी बोरीतच अडकलोय. बाई आता वही घेऊन येतात.

भुजंगराव, जाताना माझी झडती घ्या, हवी तेवढी घ्या; पण ती तार एवढी जोडा. परभणीला पोचलो, की मीही आधी माझेच आकडे पुन्हा मोजीन.