न अडखळता

ठकीने मोबाईलवरच्या गुहेत एका दाराशी खेळ थांबवला आणि पहारेकऱ्याचं म्हणणं बोट न लावता मोठ्याने वाचलं.

"दिवा घेतल्याशिवाय आत पाऊल टाकू नकोस."

बाईंनी वहीत खूण केली. शाळा सुटून अर्धा तास झाला होता आणि वर्गात दोघीच होत्या.

सहावीत येऊनही ठकीला एक ओळ धड वाचता येत नव्हती. पुस्तक उघडलं की तिला तहान लागायची, नाहीतर पोटात दुखायचं. हेडसरांनी तर हातच टेकले होते. मग बाईंच्या लक्षात आलं की मोबाईलवरच्या या खेळात पोरगी तासन्‌तास गढून जाते, आणि त्यातली माणसं बोलायला लागली की तेवढं अंगठ्याने उडवून लावते. बाईंनी अट घातली. उडवायचं नाही, वाचायचं, मगच पुढचं दार. पहिल्या दारापाशी तीन दिवस गेले, रुसवेफुगवे झाले. आता दीड महिन्यात ती गुहेच्या सातव्या मजल्यावर पोचली होती.

मोबाईल वडिलांचा होता. ते शाळेच्याच बसवर ड्रायव्हर, आणि बस चालवताना मोबाईल जवळ बाळगायचा नाही असा शाळेचा कडक नियम. मुलांना घरोघरी सोडून येईपर्यंत तो ठकीकडे असायचा. फोन वाजला तर ऑफिसात क्लार्ककडे पळत जायचं, एवढं त्यांनी तिला बजावलं होतं. मेसेजबद्दल ते काहीच बोलले नव्हते. त्यांच्या लेखी पोरगी अजून अक्षरशत्रूच होती.

ठकीची आई महिन्याभरापासून हॉस्पिटलमध्ये होती. खरं काय ते वडिलांनी बाईंना व्हरांड्यात सांगितलं होतं, भिंतीकडे तोंड करून. ठकीला मात्र आई पंधरा दिवसांत घरी येणार एवढंच माहीत होतं. आली की तिला अख्खी गुहा वाचून दाखवायची, आणि तोवर बाबांनाही पत्ता लागू द्यायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. बाईंनाही तिने तशी शपथ घातली होती. बाईंनी ती मानली. आई येणार नाही हे ठाऊक असताना मान डोलवणं त्यांच्या जिवावर आलं होतं, पण पोरगी वाचायला लागली होती आणि तो आनंद त्यांना सोडवत नव्हता.

ठकीला दिवा सापडला. ती आत शिरणार तेवढ्यात पडद्याच्या वरच्या कडेला एक चौकोन उतरला.

"आत्याचा मेसेज," ती म्हणाली, आणि तो उघडून त्याच सुरात वाचू लागली.

"दादा, डॉक्टरांनी आशा सोडली आहे. वहिनी आता कुणाला ओळखत नाही. असशील तिथून निघ."

पहिल्या क्षणी बाईंना एवढंच ऐकू आलं की ठकी एकाही जोडाक्षराला अडखळली नाही. शाबास म्हणायला त्यांनी तोंडही उघडलं होतं. मग शब्दांचा अर्थ पोचला. झटक्यात पुढे होऊन त्यांनी पडद्यावर हात ठेवला.

ठकीने त्यांची बोटं एकेक करून बाजूला केली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"थांबा बाई. अजून एक ओळ आहे."

बाईंना तिला अडवता आलं नाही.

"पोरीला इतक्यात काही कळू देऊ नकोस," ठकीने स्वच्छ वाचलं, आणि पूर्णविरामापाशी थांबली.