माझ्या पाण्यासकट मोजा

मी निकेलचा एक हिरवा स्फटिक बोलतोय. आकाराने मोहरीएवढा, पण राग अंगात मावत नाही. माणसांनी माझ्या भावंडांना भाजून त्यांचं पीठ केलं आणि त्या पिठाला माझं नाव दिलं.

माझा जन्म चीनमधल्या लानचौ शहरातल्या एका विद्यापीठातला. छ्यू लान नावाच्या मुलीने निकेलचं मीठ, एक आम्ल आणि पाणी पोलादी डब्यात कोंबलं, डबा आवळला आणि तीन दिवस भट्टीत ठेवला. त्या घुसमटीत आम्ही घडलो. माझ्या आत निकेलचे अणू रांगेने बसलेत. दोन शेजाऱ्यांना आम्लाने धरून ठेवलंय आणि दोघांच्या मध्ये पाण्याच्या रेणूचा पूल आहे. प्रत्येक निकेल म्हणजे एक बारीकसं चुंबक, पण या पुलामुळे एकाचं तोंड वर तर दुसऱ्याचं खाली. म्हणून बाहेरून चुंबकपणा फारसा जाणवत नाही. आम्ही असेच आहोत. कुणाला आवडो न आवडो.

क्ष-किरणांनी माझ्या एका भावाच्या आतला नकाशा काढला, तो थंडीत, तेलात बुडवून, पाण्यासकट. तेवढं एकच काम नीट झालं.

मग चुंबकत्व मोजायची वेळ आली. इथे यंत्राच्या दारावर चिठ्ठी आहे, 'ओला नमुना आत जाणार नाही.' यंत्राच्या आत कडाक्याची थंडी असते, आणि पूर्वी कुणाच्या तरी ओल्या नमुन्याने तिथे बर्फ धरला होता, तेव्हापासून सगळं आधी निर्वात भट्टीत वाळवतात. छ्यू लाननेही वाळवलं. भावंडांचं पाणी उडालं, ती हिरव्याची पिवळी पडली. तरी कुणी थांबलं नाही. वाळल्यावर रंग उतरतोच, म्हणे!

पूल मोडताच सगळे निकेल एकाच दिशेला तोंड करून उभे राहिले. यंत्राच्या पडद्यावरची रेघ ताडकन वर चढली. शिंग सर, ज्यांना मुलं पाठीमागे 'मालक' म्हणतात, जाम खूश झाले.

"नकाशा आहे, चुंबकत्व आहे. लिही शोधनिबंध. झाली तुझी डॉक्टरेट!"

छ्यू लानने माझी कुपी पिवळ्या भुकटीशेजारी धरली. "सर, नकाशा या हिरव्याचा, मोजणी त्या पिवळ्याची. हे दोन वेगळे पदार्थ आहेत."

"तू मला रसायन शिकवणार? उरलेलेही भट्टीत टाक. दोन रंगही उरणार नाहीत आणि तुझी पिरपिरही."

वरच्या वर्षाचा मा झेलिन सूर्यफुलाच्या बिया फोडत हसला. "अगं, निबंध नाही तर पदवी नाही. मालक अजून वर्षभर बाटल्या धुवून घेईल तुझ्याकडून. एवढ्याशा खड्यासाठी?"

"दादा, तू बिया खा."

खडा! त्या शब्दाची चीड अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी यंत्रावर तिची पाळी होती. ती भट्टीकडे गेलीच नाही. आम्हा उरलेल्या चाळीसेक जणांना तिने आमच्याच पाण्याच्या थेंबासकट काचेच्या बारीक नळीत भरलं आणि नळीचं तोंड वितळवून बंद केलं. यंत्राला ओल लागली नाही. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा रेघ मरगळलेली, खाली वाकलेली. ती आमची खरी रेघ. तिने ती सरांपुढे ठेवली.

त्यांनी चहात घातलेलं सुकं लाल बोर काढून चघळलं. "झालं समाधान? वर्ष गेलं तुझं."

"गेलं, सर. पण त्या निबंधावर माझं नाव नको."

"नाही घालत."

पिवळी भुकटी मा झेलिनकडे गेली. त्याचा निबंध आता छापायला गेलाय. त्यात माझ्या हिरव्या भावाचा नकाशा आहे आणि भाजलेल्या भुकटीची रेघ आहे. छ्यू लान बाटल्या धुते.

मी तिलाही माफ केलेलं नाही. पहिल्यांदा भट्टीचं बटण तिनेच दाबलं होतं. पण रोज बाटल्या धुवून झाल्या की ती ओल्या हातांनी आमची नळी उजेडात धरते आणि रंग बघते. अजून हिरवाच आहे. तो निबंध वाचून कुणाला शंका आली तर त्याने तिच्या टेबलाशी यावं. मला खुशाल मोजा, फक्त माझ्या पाण्यासकट मोजा.