नाव न घेता मारलेली हाक

झुंबरबाई त्या यंत्राला बेडूक म्हणायची. चार जाडजूड चाकं, वर मोटारसायकलसारखं सीट, आणि आवाज असा की म्हशींनी दावं तोडावं. मोसंबीच्या बागेत फवाऱ्याची टाकी ओढायला तिच्या लेकानं, रामप्रसादनं, ते जुनंच विकत आणलं होतं. दिवाळीत ते बंद पडलं ते पडलंच. आता जालन्याच्या मिस्त्रीकडं न्यायचं म्हणून पिकअप अंगणात उलटी लावली, मागचा फाळका पाडला आणि त्याला दोन फळ्या टेकवल्या.

रामप्रसाद वर गाडीत उभा राहून दोर ओढत होता. खालून दोघं लोटत होते. एका अंगाला जावई भागवत, दुसऱ्या अंगाला सालगडी कडूबा, मूळचा टेंभुर्णीचा.

आता या कडूबाची एक अडचण होती. झुंबरबाईच्या मालकाचं नावही कडूबाच. लग्नात उखाण्यात तिनं ते एकदा घेतलं, त्यावर आजतागायत नाही. मालक गेले तरी नाही. सरपंचाला तोंडावर 'आरं' म्हणणारी ही बाई, पण गड्याला मात्र म्हणायची, "आवं टेंभुर्णीकर, जेवून घ्या." मालकाच्या नावाला अरेतुरे करायचं म्हणजे काय! बायका पदराआड हसायच्या, आणि झुंबरबाईची मान त्यानं उलट ताठच व्हायची. घरात 'आवं' म्हणावं असा दुसरा माणूस एकच होता, जावई.

"जोर लावा की! सकाळच्या भाकरी काय कुत्र्याला घातल्या का?" ती ओट्यावरून ओरडली.

"मामी, तुमीच या लोटायला," भागवत हसत म्हणाला.

"मी लोटलं तर बेडूक एकदम जालन्यातच पडंल."

सगळे हसले. बेडूक अर्ध्या फळीवर चढलं. तेवढ्यात झुंबरबाईला दिसलं, कडूबाच्या बाजूची फळी फाळक्यावरून सरकत चाललीय. तो मान खाली घालून रेटत होता, त्याला काही पत्ता नव्हता. तिनं तोंड उघडलं. 'कडूबा' जिभेवर आलं आणि दाताशी अडलं. टेंभुर्णीकर म्हणायचं त्या घाईत सुचलं नाही.

"आवं, बाजूला व्हा!"

भागवत चटकन बाजूला झाला. सासूबाईंची हाक, आवं म्हणून, मंग आपल्यालाच. कडूबाही तेच समजला आणि रेटतच राहिला. एकट्याच्या अंगावर सगळं वजन आलं, फळी निसटली आणि बेडूक आडवं होऊन त्याच्या पायावर पडलं.

त्याच पिकअपमधून त्याला मंठ्याच्या दवाखान्यात नेलं. नडगीचं हाड मोडलं होतं.

संध्याकाळी पाय प्लास्टरमध्ये घेऊन कडूबा घरी आला, तेव्हा त्याच्या दारात सगळे जमले. त्याची बायको केशरबाई कोणाकडं न बघता त्याच्या पाठीमागं गोधड्या रचत होती.

"भाऊजी, हात का काढला तुमी?" रामप्रसादचा आवाज चढला. "असा ऐन वक्ताला माणूस सोडतेत का?"

"मामींनीच तर म्हणलं बाजूला व्हा."

सगळ्यांनी झुंबरबाईकडं पाहिलं.

"मी? मी तुमाला कशाला म्हणू?" ती फाडकन म्हणाली.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. भागवतचा चेहरा पडला. सासूला खोटं पाडावं असा तो माणूस नव्हता. "बरं, माझीच चूक," एवढं म्हणून तो वळला आणि बायकोला म्हणाला, "दैवशाला, पिशवी भर. आपल्याच्यानं तुझ्या माहेरच्या दारात पुन्हा येणं होणार न्हाई."

दैवशालाच्या डोळ्यांना धार लागली. झुंबरबाईनं लेकीकडं पाहिलं, मग त्या पांढऱ्या पायाकडं. गप्प राहिलं तर कोणी काही म्हणणार नव्हतं. इतकी वर्षं या गावात तिच्या शब्दावर शब्द पडला नव्हता, आजही पडला नसता. हेच तिला सोसेना.

"थांबा, जावाईबापू. हाक मीच मारली. पर तुमाला न्हाई."

"मंग कोणाला, आई?" रामप्रसादनं विचारलं.

"यांना." तिनं बोट दाखवलं.

"यांना म्हंजे?"

"कडूबाला!" ती ओरडली. "कडूबाला मारली. नाव तोंडातून निघंना म्हणून नुसतं आवं म्हणलं. जावाईबापूंचा काय दोष? फळी सरकताना मी बघितली. समद्यांच्या आधी मीच बघितली."

दैवशाला आईकडं बघतच राहिली. बापाचं नाव आईच्या तोंडून तिनं जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं. भागवत परत फिरला आणि कडूबाच्या उशाशी जाऊन बसला.

केशरबाईनं गोधडी खाली ठेवली.

"काकू, आता म्हणलं. तवा म्हणलं असतं तर?"



"जाऊ दे गं," कडूबा म्हणाला. "काकूंना बसायला टाक काहीतरी."

केशरबाई जागची उठली नाही. झुंबरबाईच मग उंबऱ्याबाहेर, मातीतच खाली बसली.