कोऱ्या लुगड्यावरचा डाग

पटकीच्या साथीत सोलापूरची आमची अख्खी विणकर गल्ली मारुतीच्या पाराभोवती लोटली होती. पारावर बसलेला तीर्थवाला बाबा बायकांच्या पदरावर तपकिरी पाणी शिंपडत गर्जत होता, "जिनं पोर खाल्लं, तिचा पदर काळा पडंल! देवाच्या कचेरीत वकील लागत न्हाय!"

निंगव्वाच्या पदरावर नुसता पिवळट ओघळ उठला. मग तिची सून जगदेवी पुढे आली आणि तिचा पदर बघता बघता काळानिळा झाला. गेल्याच आठवड्यात माझ्या दवाखान्यात, तिच्या मांडीवर तिचं मूल गेलं होतं.

"हिनंच माझा नातू खाल्ला!" निंगव्वा किंचाळली. कुणीतरी दगड उचलला. जगदेवी रडलीसुद्धा नाही. तिला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं होतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

बाबाने पदरावर कढत पाणी ओतलं. डाग गेला. "चेटूक दडलं! हिला गल्लीभाईर काढा!"

मला संताप आवरेना. मी पारावर चढलो आणि तीर्थ हुंगलं. जखमेवर लावायचं टिंक्चर आयोडीन! माझ्या बोटांना रोज तोच वास असतो.

"निंगव्वा, घरची खळ आणा."

"कशाला वो डाक्टर?"

"आणा तर खरं."

मागावरच्या सुताला लावायच्या त्या खळीत मी बाबाचं तीर्थ ओतलं. खळ काळीनिळी झाली. "आता हिनं कुणाचं पोर खाल्लं? खळीत पिष्ट असतं. आयोडीन लागलं की ते असं रंगतं. तापवलं की रंग जातो, निवलं की परत येतो. पदर बघा."

निवलेल्या पदरावर डाग पुन्हा उमटत होता.

"निंगव्वा, देवापुढं जायचं म्हणून तुम्हीच हिला मागावरचं कोरं लुगडं नेसवलंत. तुमचं धुवट, खळ निघून गेलेलं. हिच्या अंगावर खळ होती, पाप नव्हतं."

लोक हसले. बाबा बाटली काखेत मारून सटकू लागला, त्याला दोघांनी धरलं. निंगव्वा मात्र हसली नाही.

"मग माजा नातू कुणी नेला वो?"

"आडाच्या पाण्यानं. उकळून प्या म्हणून मी दारोदार ओरडत होतो."

ती मटकन खाली बसली. "पाणी म्याच पाजलं की."

दगडवाल्याच्या हातात दगड अजून तसाच होता, आणि आता तो निंगव्वाकडे बघत होता.

"टाक तो!" मी ओरडलो. "चेटकीण ही नाही आणि तीही नाही. घरी जा, चूल पेटवा, पाणी उकळायला ठेवा."

जगदेवीने सासूला हात देऊन उठवलं.