बाहेरची कडी

"हे तेलाचं फडकं डाल्यावर कुणी टाकलं?"

सखुबाईनं दोन बोटांनी फडकं उचललं आणि कोपऱ्यात भिरकावलं. बाजेवर पडलेल्या द्वारकेनं नजर दाराकडं वळवली, तेव्हाच सखुबाईनं ओळखलं, सासूचा उद्योग. झड लागून आठ दिवस झाले होते. अंगणातल्या दोरीवर चिंधीसुद्धा वाळायचं नाव नव्हतं, आणि बारा दिवसांच्या लेकराला झड काय नि ऊन काय, त्याचं ओलं करणं सुरूच. म्हणून बाळंतिणीच्या खोलीतच शेगडी पेटती ठेवायची, तिच्यावर बांबूचं डालं पालथं घालायचं आणि त्यावर लंगोट, दुपटी पसरायची. शिरड शहापुरात पावसाळ्यात घरोघर हेच चाले.

सखुबाई सुईण होती. तीस वर्षं तिनं असल्या खोल्यांतून धूर खाल्ला होता, आणि डाल्याबाबतचे तिचे कायदे निजामाच्या कायद्यांपेक्षा कडक होते. तेलकट फडकं डाल्यावर नको, ते बघता बघता पेटतं. थरावर थर नको. डाल्याच्या कामट्यांत अडकलेला कापसाचा तूस रोज हातानं काढायचा. पाण्याची घागर हाताशी पाहिजे. आणि राखण बसलेल्या माणसानं उठायच्या आधी डालं उचलून बाजूला ठेवायचं, मग उठायचं. बाया हसायच्या. "सखू लंगोट न्हाई, सोनं राखून राहिली," म्हणायच्या. सखुबाई म्हणायची, "हसा बापा."

द्वारकेच्या सासूनं, भिकाबाईनं, नाक मुरडत का होईना, यातलं बरंचसं ऐकलं होतं. एक गोष्ट मात्र काही केल्या ऐकली नाही. खोलीचं दार ती बाहेरून कडी घालून बंद करायची.

दार फुगलं होतं, चौकटीत नीट बसत नव्हतं, वाऱ्यानं उघडायचं, हे खरं. बाळंतिणीला वारं लागू नये, हेही खरं. पण त्याहून खरं कारण निराळंच होतं. तिसऱ्या दिवशी द्वारका उठून ओसरीवर जाऊन पाऊस बघत उभी राहिली होती. माहेरी आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरी. सतरा वर्षांची पोर, जीव घुसमटला असेल. तेव्हापासून भिकाबाई शेतात जावो की परसात, जाताना कडी पडायचीच. खोलीला खिडकी नाही. वरच्या मातीच्या धाब्याला उजेडासाठी एक भोक, तेही पावसामुळं परात घालून झाकलेलं. लढाईचं साल, रॉकेल मिळायची मारामार, म्हणून दिवसा दिवाही नाही. उजेड काय तो निखाऱ्यांचा.

"मावशी, उद्यापासून तुमी येणार न्हाई नं?" द्वारकेनं विचारलं.

"आज बारावा. माझं काम सरलं, बाई."

"मंग डाल्यापाशी कोण बसंल?"

"तूच."

"अन् माझा डोळा लागला तर?"

सखुबाईनं शेगडीतले निखारे सारखे केले. बाळंतिणीच्या खोलीतला विस्तव सव्वा महिना विझू द्यायचा नाही, अशी रीत. म्हणजे अजून चार आठवडे ही पोर, हे लेकरू, तो विस्तव आणि बाहेरून कडी. आज निघाली तर निघाली, नाहीतर ती कडी निघणार नव्हती.

सखुबाईनं काय कमी केलं होतं? द्वारकेच्या नवऱ्याला, संतरामला, गोठ्यात गाठून सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, तुमचं बराबर हाय, पण आईला इचारा." आईपुढं त्या गड्याच्या तोंडाला कुलूप. मग भिकाबाईलाच हात जोडले. "काहून एवढी भेतीस?" भिकाबाई म्हणाली. "माझी चार बाळंतपनं ह्याच खोलीत झाली, ह्याच कडीआड. मला काय झालं?"

कडी वाजली. भिकाबाई आत आली. "न्हाणीत पाणी काढलंय. मायलेकरांना बाराव्याचं न्हाऊ घाल. मी बसते हितं."

सखुबाईनं लेकरू छातीशी धरलं, द्वारकेला हाताला धरून न्हाणीत पाटावर बसवलं, लेकरू तिच्या मांडीवर दिलं. टॉवेलासाठी ती परत खोलीच्या दाराशी आली. आत भिकाबाई पाठमोरी बसली होती, एकटीच. दार अर्धं उघडं होतं. सखुबाईनं ते ओढलं आणि कडी घातली. हात मनाला विचारायला थांबलाच नाही.

"सखू, दार लागलं बघ."

"लागलं न्हाई. लावलं."

"हे काय चेष्टा?"

"बसा जरासं. लंगोट वाळू द्या."

आत भिकाबाईनं दोन शिव्या हासडल्या. सखुबाई मनात म्हणाली, पन्नास आकडे मोजते आणि काढते. एवढ्यानं तिला कळलं तर कळलं. तिचे आकडे तीस झाले नसतील, तोच आतून खोकला आला.

"सखू, त्ये फडकं पेटलं."

"कोनतं फडकं?"

"तेलाचं. मीच पुन्हा टाकलतं, वाळंल म्हणून."

"डालं लोटा. घागर डाव्या हाताला हाय."

"दिसंना मला काही. दार काढ. सखू, दार काढ गं."

सखुबाईनं कडीला हात घातला. कडी निघेना. दार आत उघडणारं. भिकाबाई आतून जिवाच्या आकांतानं ते ओढत होती, आणि ती जितकी ओढी तितकी कडी कोयंड्यात ताणून बसे.

"ओढू नका, भिकाबाई. दार सोडा. तुमी दार सोडा."

पण धुरात सापडलेलं माणूस दार सोडत नसतं. सखुबाईनं उंबऱ्याला पाय लावला, दाराची फळी दोन्ही हातांनी आपल्याकडं खेचली, बोटांची सालं निघाली, तेव्हा कुठं कडी सैल पडून सुटली. भिकाबाई आतल्या आत मागं कोसळली. सखुबाईनं तिला ओढून ओसरीवर टाकलं, आत जाऊन जळतं डालं लाथेनं उडवलं आणि अख्खी घागर शेगडीवर उपडी केली. सव्वा महिना न विझवायचा विस्तव बाराव्या दिवशी विझला.

ओसरीवर भिकाबाई बराच वेळ खोकत राहिली. तिच्या कपाळावरचे केस जळून आखडले होते. न्हाणीच्या दारात द्वारका ओल्या केसांनी लेकरू घेऊन उभी होती. गोठ्यातून संतराम धावत आला.

"तू मला जाळत व्हतीस," भिकाबाई म्हणाली.

"व्हय. चुकलंच माझं," सखुबाई म्हणाली. ती उंबऱ्यापाशी खाली बसली होती. "माझी लेक पेमा, सासरी साखऱ्याला, अशीच गेली. बाळंतपनाच्या आठव्या दिवशी. कडी बाहेरून. सासरची म्हणाली, झोपेत गेली, तिला काही कळलं न्हाई. तिचा तान्हा ल्योक बी संगंच गेला. एकोणीस वर्सं झाली, मी इचार करते, जागी झाली असंल तर दाराशी आली कशी न्हाई? आज समजलं. आली असंल. वढत बसली असंल."

पागोळ्या तेवढ्या वाजत होत्या.

"निघ," भिकाबाई अखेर म्हणाली. "माझ्या घरात पुन्हा पाय ठेवायचा न्हाई."

सुईणीला द्यायचं बाराव्याचं लुगडं-चोळी सुपात काढून ठेवलेलं होतं. ते तसंच राहिलं. सखुबाई डोक्यावर पोतं घेऊन पावसात निघाली.

गोष्ट गावभर झाली. सुईणीनं बाईला कोंडलं, विस्तव विझवला. मग तिला कोण बोलावतंय? बाळंतपणाला लोक दुसऱ्या गावची सुईण आणू लागले. सखुबाई खुरपायला जाऊ लागली. गावातल्या निम्म्या पोरांची नाळ तिनं कापली होती, पण वाटेत दिसली की बाया पदर सारखा करून पुढं जात.

तीन वर्षांनी, अशाच झडीत, ती खुरपणीवरून भिकाबाईच्या घरापुढून चालली होती. द्वारकेला दुसरं झाल्याचं तिनं ऐकलं होतं. खोलीचं दार सताड उघडं होतं. कडी-कोयंडा नव्हता, त्यांच्या जागी फळीला आणि चौकटीला नुसती भोकं होती. आत निखाऱ्यांच्या उजेडात डाल्यापाशी भिकाबाई बसली होती, पार थकलेली. तिनं मान वर केली आणि दोघींची नजर भेटली.

सखुबाई पुढं जायला वळली. भिकाबाईनं आधी डालं उचलून बाजूला ठेवलं, मग गुडघ्यावर हात देऊन उठली आणि दारात येऊन उभी राहिली.