निळ्या दाराचं घर

शनिवारी दुकान बंद करायच्या आधी बाबा एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याच्या काडीत स्क्रू बसवत होते. स्क्रू मुंगीएवढा. तो निसटला की बापलेकींनी गुडघ्यांवर बसून शोधायचा, हे ठरलेलं. त्या दिवशीही निसटला आणि तिला टेबलाच्या पायाशी सापडला.

"चष्मेवाल्याची लेक," बाबा म्हणाले. "नजर पक्की." मग खिशातून दोन तिकिटं काढून त्यांनी काउंटरवर ठेवली. नदीकाठच्या जुन्या वाफेच्या गाडीची, पुढच्या महिन्यातली. "साहेब, सुट्टी टाका."

"मालक तुम्ही. तुमच्याकडेच टाकते."

"डोंगराच्या बाजूच्या जागा घेतल्यात. नेहमीसारख्या."

त्या गाडीचा एक रिवाज होता. डब्याच्या एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला नुसता कातळ. शेवटच्या स्टेशनावर इंजिन सुटून मागच्या टोकाला लागे, डबे होते तसेच राहत. म्हणून परत निघताना प्रवाशांनी आपसांत जागा बदलायच्या. तिच्या लहानपणी दर वर्षी बाबा तिला घेऊन जात. आधी कातळ, मग परतीला निवांत नदी.

"वळणावरचं निळ्या दाराचं घर आठवतंय ना?"

"न आठवायला काय झालं?"

"या वेळी बघ, दाराला नवा रंग दिलाय का."

"बघते," म्हणून ती शटर ओढायला गेली.

ते घर तिने कधीच पाहिलं नव्हतं. परतीला गाडी डुलायला लागली की बाबांच्या खांद्यावर तिचा डोळा लागे, तो थेट उतरायच्या वेळी उघडे. पहिल्या वर्षी घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "निळ्या दाराचं घर पाहिलंस ना?" एवढ्या हौसेने नेणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून तिने मान हलवली. पुढच्या वर्षी बाबांच्या बोलण्यात त्या घराला धुराडं आलं. मग अंगणात शेळी आली. ती काळी होती, असंही तिने ठोकून दिलं. "काळीच," बाबा म्हणाले, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

त्या शनिवारनंतरच्या मंगळवारी सकाळी बाबा झोपेतून उठलेच नाहीत.

तिकिटं तिला परत करता आली असती. पण इतकी वर्षं पाहिलं म्हणून सांगितलेलं घर एकदा तरी खरंच पाहायचं, असं तिच्या मनाने घेतलं. ती एकटीच गेली. जाताना कातळाकडे बघत राहिली. शेजारच्या जागेवर बाबांच्या चष्म्याची डबी ठेवली होती.

शेवटच्या स्टेशनावर नदीच्या बाजूचं एक वयस्कर जोडपं उठलं. "या, बसा," बाई म्हणाल्या. "तुमच्याबरोबरचे कुठे राहिले?"

"ते आले नाहीत."

"आता आमच्या नशिबी दगड," नवरा म्हणाला.

"मी लग्नापासून तेच बघतेय."

तिला हसू आलं. आपल्याबरोबर कोण हसतंय ते बघायला ती वळली. तिथे डबी होती.

गाडी डुलायला लागली, पापण्या जड झाल्या. पण टेकायला काही नव्हतं, त्यामुळे जागं राहणं सोपं गेलं. वळण आलं. पाणी एकदम रुंद झालं, काठाला उंच गवत, त्यात दोन पांढरे पक्षी. ती खिडकीतून मान काढून मागे बघत राहिली. घर नव्हतं.

गार्ड तिकिटं बघत आला. "वळणावरचं घर पाडलं का हो? निळ्या दाराचं?"

"कुठलं घर? दर पुरात नदी रुळांपर्यंत येते, ताई. तिथे घर कोण बांधतंय? मी या गाडीवर म्हातारा झालो, गवताशिवाय काही पाहिलं नाही." तिची दोन्ही तिकिटं बघून, रिकाम्या जागेकडे बघून तो पुढे गेला.

धुराडं. शेळी. काळीच. एवढा सगळा संसार त्या माणसाने खांदा न हलवता, बसल्या जागी उभा केला होता. आणि ती दर वर्षी मान हलवत राहिली होती, आणि तो हसू लपवायला चष्मा पुसत राहिला होता.

पलीकडून त्या बाई बघत होत्या. बघोत. तिने डबीवर हात ठेवला.

"बाबा, मी झोपलेली असायचे," ती म्हणाली. "दर वेळी. फार छान झोप लागायची."