पिठाच्या गिरणीचा निरोप

मी मेलेलो नाही. आधी एवढं ऐकून घ्या, मग पुढचं बोलू. या घरात मला 'गेला, गेला' म्हणून लोक केव्हाच मोकळे झाले, आणि मी आपला फडताळावर पडून धडधडीत जिवंत! मी बायडाबाईंचा मोबाईल. माझी काच तडकलीय, उजव्या अंगाला एक हिरवी रेघ उभी राहिलीय, आणि कुणी बोट फिरवलं तर मला ते कळत नाही. बाकी पोटातलं सगळं शाबूत आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो वेदिकाचा हात. पहिल्या पगारात तिने आईसाठी मला घेतलं आणि पंचवटीतल्या या घरात आणलं. बायडाबाई आधी मला हातच लावेनात. "मला नाय जमायचं ते कुलूपबिलूप," म्हणाल्या. वेदिका हसली. "आई, हे बघ, तीन ओळी, तीन-तीन ठिपके. तू रोज दारात काढतेस तेच काढ." बायडाबाईंनी रांगोळीचे ठिपके जोडावेत तसे माझे ठिपके जोडले आणि मी उघडलो. तेव्हापासून त्या मला न बघतासुद्धा उघडत.

पुढे वेदिकाने स्वतःच्या मनाने लग्न केलं आणि ती दूर इटारसीला गेली. तिचे वडील खंडेराव देवळ्याकडचे, मार्केट यार्डात बारदानाचा धंदा करणारे, शब्दाला पक्के. "या घरात तिचं नाव निघायचं नाय," असं त्यांनी एकदा सांगितलं, मग खरंच निघालं नाही. बायडाबाईंनी शेजारच्या पिंकीकडून माझ्यात लेकीचा नंबर 'पिठाची गिरणी' या नावाने ठेवून घेतला.

काय सांगू तुम्हाला, माणसांची ही जात मोठी गमतीची! नवरा समोर बसलेला असताना बायडाबाई गिरणीशी बोलायच्या. "हो, दळण झालं. जेवलीस का? आँ? म्हणजे, जेवलात का?" खंडेराव पेपर वाचत राहायचे.

मग एके दिवशी सकाळी बायडाबाई दारात रांगोळी काढायला वाकल्या आणि मी त्यांच्या हातातून निसटून थेट पायरीवर पडलो. तोंडावरच! रांगोळी तशीच अर्धी टाकून त्यांनी मला उचललं. अर्धी रांगोळी ठेवू नये म्हणतात, पण त्या दिवशी ती तशीच राहिली.

तिथून माझ्या जिवाची घालमेल सुरू झाली. वेदिकाचा फोन यायचा. पडद्यावर 'पिठाची गिरणी' दिसायची, मी वाजायचो, थरथरायचो, बायडाबाई धावत यायच्या आणि बोट घासत राहायच्या. मला काही कळायचंच नाही. वेदिकाची एक सवय आहे, ती फोन मधेच कापत नाही. शेवटपर्यंत वाजू देते. तो शेवटपर्यंतचा वेळ आम्ही दोघांनी कसा काढला, ते आमचं आम्हाला माहीत. बरं, शेजारच्या फोनवरून लावावा, तर नंबर कुणाला पाठ आहे? मी दाखवत होतो ते फक्त नाव.

आणि एका दुपारी तिचा निरोप आला. बोलून पाठवलेला. पडद्यावर नुसती खूण उमटली आणि आतला आवाज माझ्या पोटात अडकला. मला तो ऐकू येत होता हो! उद्याची गोष्ट होती, आणि मला सांगता येत नव्हतं. ओरडून ओरडून सांगावंसं वाटत होतं.

त्यात गल्लीत भोंगा वाजला, "जुने, बिघडलेले मोबाईल द्या, टब घ्या!" खंडेराव म्हणाले, "देऊन टाक तो. निदान कपडे भिजवायला तरी व्हईल." एका प्लास्टिकच्या टबावर माझा जीव! बायडाबाईंनी मला भाजीच्या पिशवीत कोंबलं. "दळण घेऊन जाते," म्हणाल्या आणि निघाल्या.

त्या तडक संतोषच्या दुकानात गेल्या. संतोष मोबाईल दुरुस्त करतो. त्याने मला एक वायर जोडली, वायरीला कॉम्प्युटरचा माऊस लावला आणि माझ्या तडकलेल्या तोंडावर इवलासा बाण फिरू लागला. अंगावर काटाच आला माझ्या! कितीतरी दिवसांनी मला कुणाचा तरी हात कळत होता.

"पॅटर्न सांगा, मावशी."

"सांगता नाय येत. काढता येतो."

संतोषने कागद-पेन दिलं. पेन हातात घेऊन त्या गोंधळल्या. शेवटी शेजारच्या पूजासाहित्याच्या दुकानातून चिमूटभर रांगोळी आली. बायडाबाईंनी काउंटरच्या काचेवर नऊ ठिपके टाकले आणि एका दमात जोडले. संतोषने समोरून बघून बाण फिरवला. चूक. पुन्हा चूक. पुन्हा तेच. मी चिडून त्याला थोडा वेळ थांबायला लावलं. काय करणार, माझा स्वभावच तसा घडवलाय.

"असं कसं?" म्हणत बायडाबाई रांगोळीकडे बघत राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, "आरं, तू उंबऱ्याच्या आतून बघतोय! रांगोळी बाहेरनं येणाऱ्यासाठी असती. इकडं ये."

संतोष काउंटरला वळसा घालून त्यांच्या बाजूला आला. तिकडून बघितलं, बाण फिरवला, आणि मी उघडलो.

तेवढ्यात दारात खंडेराव उभे, मागोमाग आलेले. हातात पत्र्याचा डबा. "दळणाचा डबा घरीच इसरली तू," म्हणाले. बायडाबाईंनी मला पदराआड घ्यायला हात पुढे केला. पण संतोषचा बाण निरोपावर टेकला होता, आणि मी दुपारपासून कोंडलेला तो आवाज दुकानभर सोडून दिला.

"आई, तू फोन का उचलत नाहीस? रागावलीस का? उद्या आम्ही मुंबईला निघालोय. आपल्या स्टेशनात गाडी थांबत नाही, सकाळी मनमाडला थांबेल. थोडाच वेळ थांबते, पण थांबते. येशील? बाबांना सांगू नकोस. नाहीतर... सांग."

भोंगेवाला दुकानावरून पुढे निघून गेला.

"गिरणी आपल्या घरासमोर हाय," खंडेराव हळूच म्हणाले. "तिला फोन कशाला करावा लागतो, एवढं मला कळत नाय व्हय?"

बायडाबाईंनी पदर तोंडाला लावला. खंडेरावांनी डबा त्यांच्या हातात दिला. "बाजरी हाय. दळून घे. तिला भाकर आवडती. का तिकडं जाऊन सोडली?" मग संतोषला म्हणाले, "आन् तू, ते गिरणीचं नाव काढ. तिचं लिही. नंबर माझ्याबी फोनात टाक."

आज पहाटे दोघं भाकरीचं फडकं बांधून मनमाडला गेले. दारात रांगोळी पुरी आहे, ते निघताना मी ऐकलं. मी मात्र इथेच, फडताळावर, माऊसची शेपटी लावून. गाडी वेळेवर असेल का? गर्दीत ते सापडतील का तिला? ऐनवेळी खंडेराव मागेच उभे राहिले तर? जीव नुसता टांगणीला लागलाय.

आणि हे बघा, मी वाजतोय! पडद्यावर पहिल्यांदाच 'वेदिका' लिहून आलंय. सवयीने आईचाच नंबर लावला असणार पोरीने. घरात उचलायला कुणी नाही. एक घंटी, दुसरी घंटी...

कापला. शेवटपर्यंत वाजू देणाऱ्या वेदिकाने आज मधेच कापला.

दिसले वाटतं तिला.

आता त्या भोंगेवाल्याला खुशाल येऊ द्या. तेवढं माझ्या पोटातलं आधी काढून घ्या, मग बघू टबाचं.